कडेला बसलेली

वैशाख निम्मा सरला तरी वळवाचा एक थेंब पडला नव्हता. सांगोल्याच्या पलीकडं माळावर पाच-सहा घरांची ती धनगरवस्ती. तिथं माणसांपेक्षा बाभळी जास्त आणि बाभळींपेक्षा धोंडे जास्त. सिद्धाप्पा दीडशे मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला चारायला गेला होता. घरी राहिली त्याची आई अंबुबाई, बायको मायाक्का आणि लांबच्या चालीला निरुपयोगी अशी चाळीसेक मेंढरं. त्यात काही गाभण होती, काही लंगडी, काही म्हातारी आणि बाकी सगळी कोकरं.

अंबुबाई रोज उजाडताना मेंढरांभोवतीची जाळी उचलून आत शिरायची आणि आधी जमिनीकडं बघायची. लेंडी टणक आहे का, चिकटून पडली आहे का, तिला शेंबूड आहे का, हे बघितल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. लेंडीवरून ती सांगायची की पांढऱ्या कानाच्या मेंढीला जंत झालेत, की कालच्या शेंगा कोकराला पचल्या नाहीत. तालुक्याचा जनावरांचा डॉक्टरसुद्धा तिला बघितलं की विचारायचा, "मावशी, लेंडी आणली का?" ती पळसाच्या पानात बांधून न्यायचीच. या कामात तिचा हात धरणारं कुणी त्या भागात नव्हतं आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी ती जाळीतून बाहेर आली ती रागातच. ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झऱ्यावरून चार घागरी आणायच्या होत्या, बाभळीच्या शेंगा आकडीनं पाडायच्या होत्या, तीन कोकरांना दूध पाजायचं होतं. आणि सून घराच्या बाजूला कुडाच्या आडोशात, गोणपाटावर पाय मुडपून बसली होती. कडेला बसली होती. आठवा दिवस होता.

"मायाक्का," अंबुबाईनं लांबूनच हाक दिली, "अजून न्हाय व्हय सरलं?"

"न्हाय, आत्या."

"आगं, आठ दिस झालं की! बाईमानसाचं चार दिसांत सरतंय. मागल्या अमावशेला बसलीस, ह्या पुनवंला बसलीस. महिन्यातनं दोन-दोन येळा कुनाला असतंय गं?"

मायाक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला. अंबुबाईनं भाकरी वरून तिच्या पदरात टाकली, तांब्यातलं पाणी उंचावरून तिच्या भांड्यात ओतलं आणि पाय आपटत निघून गेली. कडेला बसलेल्या बाईला शिवायचं नाही, तिनं मेंढरांच्या जाळीकडं फिरकायचं नाही, नाहीतर बिरोबा कोपतो, कोकरं मरतात. अंबुबाईच्या सासूनं तिला हे असंच शिकवलं होतं आणि अंबुबाईनं चाळीस वर्षं ते पाळलं होतं. कोकरं तरीही मरायची, पण ते निराळं.

दिवसभर कामात तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. पोरीचं हे परत सुरू झालं वाटतं.

हे म्हणजे भीतीचं. अडीच वर्षांपूर्वी मेंढरांबरोबर जाताना वाटेतच मायाक्काची आठ महिन्यांची मुलगी तापानं गेली. तिथंच एका ताडाच्या बुडाशी तिला पुरून पुढं चालावं लागलं, कारण मेंढरं थांबत नाहीत. तेव्हापासून मायाक्काचं काळीज धडधडायचं. हात गार पडायचे. वारा सुटला तरी उठून बसायची. "आत्या, काय तरी व्हनार हाय," म्हणायची. काय होणार, ते तिलाही सांगता येत नसे. अंबुबाईनं अंगारे केले, कोंबडं उतरून टाकलं, दोन वेळा खच्चून शिव्याही दिल्या. कशानंच उतार पडला नाही.

मग सरकारी दवाखान्यात चनबसप्पा डॉक्टर आला. अक्कलकोटकडचा तरुण पोरगा. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी हेल काढायचा. त्याला सरकारनं बंगळूरला महिनाभर धाडून मनाचे आजार गावच्या दवाखान्यातच बरे करायचं शिकवलं होतं. त्यानं मायाक्काला स्टुलावर बसवलं आणि अर्धा तास बोलू दिलं. तिचं ऐकून घ्यायला अर्धा तास बसलेला तो पहिलाच माणूस. त्यानं झोपताना घ्यायची एक पिवळी गोळी दिली, दर पंधरा दिवसांनी बोलवलं. आणि खरंच, दोन महिन्यांत पोरगी झोपायला लागली, जेवायला लागली, एकदा तर अंबुबाईच्या चालीची नक्कल करून हसली. अंबुबाईला ती नक्कल अजिबात आवडली नव्हती, पण त्या दिवशी तिनं बिरोबाला नारळ फोडला.

डॉक्टरला कोण आनंद. जिल्ह्याचे साहेब आले तेव्हा त्यानं मायाक्काला पोस्टरासारखी भिंतीशी उभी केली. "ही केस बघा, सर." मायाक्का खाली मान घालून उभी राहिली. साहेबांनी तिच्याकडं न बघता मान डोलावली. त्यानंतर कधी तिनं "पोट बिघडतंय" म्हटलं, तर डॉक्टर हसून म्हणायचा, "मायाक्का, मन घाबरलं की पोट ढवळतं. गोळी चुकवू नको." तीही मग पुढं काही बोलायची नाही. ज्या माणसानं आपल्याला बरी केली म्हणून चार साहेबांना सांगितलं, त्याला खोटं कसं पाडायचं?

नवव्या दिवशी दुपारी मायाक्काला धाप लागली.

अंबुबाई शेंगा पाडून आली तर पोरगी कुडाला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"काय झालं गं?"

"आत्या... भ्या वाटतंय. हितं..." तिनं बरगडीवर हात ठेवला. "श्वास घेटला की हितं टोचतंय."

"गोळी घेटलीस न्हवं?"

"घेटली."

अंबुबाईला त्या माळावर एकदम एकटं वाटलं. शेजारचा गुरप्पा बैलगाडी जुंपून घरीच होता म्हणून बरं. गाडीत मायाक्काला तिनं मागच्या बाजूला वेगळी बसवली, स्वतः पुढं बसली. पोरगी चढताना डावा पाय ओढत चढली. अंबुबाईला वाटलं, नऊ दिवस मुडपून बसलीय, पाय अवघडणारच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चाळीस माणसं होती. आत डॉक्टरच्या टेबलाला लागूनच कंपाउंडरचं टेबल. दाराला पडदा होता, पण तो कायम बाजूला खोचलेला. चनबसप्पा डॉक्टरनं मायाक्काची नाडी धरली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या.

"सिद्धाप्पा कुठं आहे?"

"भीमंवर हाय, मेंढरं घिऊन," अंबुबाईनं सांगितलं.

"म्हणजे नवरा लांब. ऊन, एकटेपणा." त्यानं मान हलवली. "मायाक्का, आपण बोललो होतो ना? श्वास लागतो, छातीत टोचतं, मरतोय असं वाटतं. पण माणूस मरत नाही. ही भीती आहे."

"व्हय," मायाक्का म्हणाली. तिला वाक्य पुरं करायलाही श्वास पुरत नव्हता.

"रक्त कमी दिसतंय. पाळी कशी आहे?"

कंपाउंडरनं औषध मोजायचं थांबवून वर बघितलं. दारात उभ्या दोन गड्यांनी मान वळवली. मायाक्कानं पदर ओढला. तिचे ओठ एकदा हलले, असं अंबुबाईला वाटलं. पण सुनेची लाज झाकायला अंबुबाईच पुढं झाली.

"बसलीय की कडेला. नऊ दिस झालं. लई जातंय तिचं."

डॉक्टर तरुण होता, तोच लाजला. "बरं, बरं," म्हणत त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पिवळ्या गोळ्या एकाच्या जागी दोन केल्या. "दोन दिवसांत उतार पडेल. नाही पडला तर या."

परतताना अंबुबाईला थोडं हायसं वाटलं. भीतीच आहे म्हणाला, म्हणजे भीतीच. शिकलेला माणूस आहे. पण गाडीच्या मागच्या टोकाला पोरगी खोकली आणि पदरात थुंकून पदर मुठीत लपवला, ते अंबुबाईनं बघितलं आणि ते काय होतं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिला वाटलं, विचारलं तर खरं होईल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंबुबाई निवडुंगाच्या कुंपणामागं गेली. कडेला बसलेल्या बाईची परसाकडची जागा ती, एरवी अंबुबाई तिकडं फिरकत नसे. एक लंगडी मेंढी जाळीतून सुटून तिकडं गेली होती, तिला वळवायचं होतं. मेंढी वळली. पण अंबुबाईचं पाऊल जागीच थांबलं.

तिनं खाली बघितलं. सवयच तिची. आधी तिला वाटलं, मेंढीचंच आहे आणि मनात हिशेबही सुरू झाला की ही कुठली, काय खाल्लं. मग कळलं की हे जनावराचं नव्हे. चिकट, पांढरट आव आणि तिच्यात ताजं लाल रक्त. नुसतं डागापुरतं नव्हे, भरपूर. बाजूला कालचं वाळलेलं, परवाचं वाळलेलं, सगळ्यांत काळं पडलेलं रक्त. कालपासूनच्याच आठ-दहा जागा. एका दिवसात इतक्या वेळा पोरगी इथवर आली होती, आणि आपण समजत होतो की आडोशात बसून विश्रांती घेतेय.

अंबुबाई उकिडवी बसली. काडीनं तिनं ते उलटून बघितलं. अशा मेंढ्या तिनं पुष्कळ बघितल्या होत्या. अशी मेंढी चार दिवस काढते, पाचव्या दिवशी उठत नाही.

ती पळतच आडोशाशी आली.

"मायाक्का! रगत कुटनं जातंय तुजं?"

मायाक्का मिटल्या डोळ्यांनी बसली होती. तिनं डोळे उघडले आणि सासूचा चेहरा बघून तिला कळलं की आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

"शीतनं," ती हळूच म्हणाली.

"कवापासनं?"

"दोन वर्सं. मदीच थांबतंय, परत येतंय."

"आन् कडेला का बसलीस मग? खोटं का सांगितलंस मला?"

"म्या न्हाय सांगितलं, आत्या." पोरगी दमत दमत बोलत होती. "पयल्यांदा लुगड्याला डाग बगून तुमीच इचारलंसा, कडेला हाईस काय गं? म्या व्हय म्हनलं. काय सांगू? शीतनं रगत पडतंय, आसं कुनाला सांगायचं? तुमी बसा म्हनलासा, म्या बसले. तेवडंच कुनी काम सांगत न्हवतं. पाय उचलत न्हवते वो माजे."

चाळीस मेंढरांची लेंडी अंबुबाई रोज बघत होती. घरातल्या एका माणसाची विचारपूस करताना मात्र तिनं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं कपाळावर हात मारून घेतला. आणि मग शिवाशिवीचा विचारही न करता ती खाली बसली आणि तिनं नऊ दिवसांत पहिल्यांदा सुनेला हात लावला.

मायाक्काचा हात गार होता. पण डाव्या पायाला हात लागला आणि अंबुबाई दचकली. पाय तव्यासारखा तापला होता. तिनं लुगडं वर सारलं. पोटरीपासून मांडीपर्यंत पाय सुजून टणक झाला होता, कातडी ताणून चकाकत होती, तिच्यावर निळसर झाक. दुसरा पाय शेजारी काडीसारखा दिसत होता.

"आगं, हे कवा झालं?"

"चार दिस झालं. वाटलं, बसून मुंग्या आल्या आसतील. आत्या, म्या मरनार व्हय?"

अंबुबाईनं पाय चोळायला हात नेला. तेल गरम करून पाय चोळायचा, हेच तिला ठाऊक होतं. पण बोट टेकताच पोरगी अशी कळवळली की तिनं हात मागं घेतला. आपल्याला यातलं काही कळत नाही, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

ती उठली. गुरप्पाला हाक मारली. त्याच्या बायकोला, निंगव्वाला, मेंढरांकडं बघायला सांगितलं. आणि मग पळसाचं पान घेऊन निवडुंगामागं गेली. ताजं होतं ते तिनं पानात घेतलं, वर दुसरं पान ठेवलं, काडीनं टाचलं. डॉक्टरकडं जायचं तर बघण्यासारखं काहीतरी हातात पाहिजे, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

या खेपेला तिनं मायाक्काचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. चाक धोंड्यावर चढलं की पोरीच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. गुरप्पा बैल हळू हाकत होता आणि अंबुबाई त्याला "बिगी चल, बिगी चल" म्हणत होती. खाचखळगा आला की तीच ओरडायची, "हळू हाक की मुडद्या!" गुरप्पा बिचारा दोन्ही ऐकत होता.

दवाखान्यात तीच गर्दी. अंबुबाई रांग तोडून आत घुसली आणि तिनं पान कंपाउंडरच्या टेबलावर ठेवलं.

"काय आहे हे?"

"माज्या सुनंचं परसाकडचं. डाक्टराला दावायचं."

कंपाउंडर खुर्चीसकट मागं सरकला. "ए म्हातारे! उचल ते! अक्कल आहे का? हे काय ढोरांचं इस्पितळ वाटलं तुला?" व्हरांड्यातली माणसं हसायला लागली. कुणीतरी नाकाला धोतर लावलं.

अंबुबाईचे कान तापले. पण ती हलली नाही. "ढोरांच्या डाक्टराला तरी दावावं लागतंय बाबा. तो बगितल्याबिगर औशद देत न्हाय. तुमी मानसाला न बगताच देतासा."

हसणं थांबलं. चनबसप्पा डॉक्टर पलीकडच्या टेबलावरून उठून आला. त्यानं काडी काढली, वरचं पान उचललं. बघितलं. पान पुन्हा झाकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ही पाळी नाही," तो म्हणाला.

"न्हाय. दोन वर्सं शीतनं जातंय. आन् पाय बगा तिचा. गाडीत हाय."

डॉक्टर पळत गाडीपाशी गेला. भर उन्हात, गाडीतच, त्यानं लुगडं गुडघ्यावर सारून पाय बघितला. दोन्ही पोटऱ्यांभोवती टेप गुंडाळून मापं घेतली. छातीला नळी लावली, बरगडीपाशी बराच वेळ ऐकत राहिला. "खोकल्यातून रक्त आलं?" मायाक्कानं मुठीतला पदर उघडून दाखवला. तपकिरी डाग होते.

डॉक्टरनं नळी गळ्यात टाकली. काल त्यानंच गोळ्या दुप्पट केल्या होत्या. अंबुबाईनं त्याचं घाबरणं बघितलं आणि गाडीची दांडी घट्ट धरली.

"जीप काढ," त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. "सोलापूर. आत्ता. आणि हिला कुणी चालवायचं नाही. उचलून घ्या. पाय हलू देऊ नका."

तो स्वतः जीपमध्ये बसला. सोलापूरपर्यंत पंचवीस कोस असतील-नसतील, पण अंबुबाईला ती वाट कधी संपेलसं वाटेना. मोहोळ मागं पडलं. पोरीचा प्रत्येक श्वास ती मोजत होती आणि दोन श्वासांत जरा अंतर पडलं की तिच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मायाक्काला लोखंडी खाटेवर घेतलं, पाय उशीवर उंच ठेवला. चष्मा लावलेल्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळं तपासलं, चनबसप्पा डॉक्टरशी इंग्रजीत बोलल्या आणि मग अंबुबाईला बाजूला घेतलं.

"तुम्ही सासू ना? नवरा कधी येईल?"

"सांगावा धाडलाय. दोन दिस, तीन दिस."

"तितकं थांबता येणार नाही. नीट ऐका. हिच्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. त्यातनं रक्त जातंय. या दुखण्यात एक वाईट असतं. एकीकडं रक्त सांडतं आणि दुसरीकडं शिरेत गोठतं. त्यात पाणी कमी, एका जागी बसणं. पायात रक्ताची गाठ झाली आहे. तिचा एक तुकडा सुटून छातीत गेलाय. मोठा तुकडा गेला तर आम्हाला काही करता येणार नाही."

"मग औशद द्या की!"

"देणार. रक्त गोठू नये म्हणून औषध आहे, शिरेतून द्यायचं. आतड्यासाठीही देणार. पण गोठू न देणाऱ्या औषधानं आतड्यातलं रक्त वाढू शकतं. खूप वाढू शकतं. वर रक्त चढवावं लागेल. म्हणून घरच्या माणसाचा अंगठा पाहिजे."

अंबुबाईनं पुन्हा विचारलं, "म्हंजी दिलं तरी भ्या, न्हाय दिलं तरी भ्या?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे अंबुबाईला बरं वाटलं आणि त्याच वेळी त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असंही वाटलं.

कागद पुढं आला, शाईची डबी पुढं आली. अंबुबाईनं अंगठा शाईवर नेला आणि थांबवला. सिद्धाप्पाला काय सांगायचं? मी अंगठा दिला आणि तुझी बायको रक्त जाऊन मेली? की मी अंगठा दिला नाही आणि श्वास कोंडून मेली? आयुष्यभर ती सगळ्यांच्या वतीनं बोलत आली होती. ती डबी तशीच सोडून ती खाटेपाशी गेली.

"मायाक्का, ऐकलंस न्हवं? तुला इचारते. काय करू? तू सांग, पोरी. म्या न्हाय सांगत आता."

मायाक्कानं डोळे उघडले. सासूनं आपल्याला काही विचारलं, हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

"श्वास पायजे, आत्या," ती म्हणाली. "द्या म्हनावं."

अंबुबाईनं कागदावर अंगठा उठवला.

सलाईनच्या बाटलीत औषध घातलं, थेंब पडू लागले. चनबसप्पा डॉक्टर संध्याकाळपर्यंत तिथंच बाकड्यावर बसून होता. त्यानं चहा आणला तो दोघांनीही प्यायला नाही.

"अंबुबाई," तो खाली बघत म्हणाला, "मी नीट विचारलंच नाही. भीतीच असणार, असं धरून चाललो. माझ्याकडं येऊन बरी झालेली बाई, तिला दुसरं काही असू शकतं, हे मनातच आलं नाही माझ्या."

"म्या इचारलं," अंबुबाई म्हणाली, "पर उत्तर बी म्याच दिलं. काल तुमी इचारलंसा, तवा बी म्याच बोलले. तिचं त्वांड उगडत व्हतं."

थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाला, "पिवळी गोळी बंद करायची नाही बरं का. ती भीती काही खोटी नव्हती. लेकरू गेलंय तिचं. तोही आजारच आहे, हाही आजारच आहे. मोठ्या बाईंना मी सांगून ठेवलंय." एवढं बोलून तो उठला आणि जीपकडं गेला. पाठमोरा तो अगदीच पोरसवदा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी रक्त वाढलं. दानम्मा नावाची नर्स होती, ती प्रत्येक भांडं बघून कागदावर रेघ ओढायची. दुपारपर्यंत अकरा रेघा झाल्या. अंबुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. मायाक्का चादरीसारखी पांढरी पडली. वर रक्ताची बाटली लावली. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्यांदा जाताना नर्सला म्हणाल्या, "संध्याकाळी ठरवू, बंद करायचं का." अंबुबाई खाटेचा दांडा धरून बसली. तिला वाटत होतं, आपल्याच अंगठ्यानं पोरीचं रक्त बाहेर काढलं. तो निळा अंगठा ती सारखा लुगड्याला पुसत होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी औषध बंद केलं नाही. थोडं कमी केलं. तिसऱ्या दिवशी रेघा नऊ झाल्या. चौथ्या दिवशी सिद्धाप्पा आला, गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्याला पटका, हातात काठी. बायकांच्या वॉर्डात त्याला चारच्या ठोक्यालाच सोडत, मग तो तेवढा वेळ दाराशी भिंतीला टेकून उभा राहायचा. आत यायला लाजायचा.

"काय झालं व्हतं, आई?" त्यानं विचारलं.

अंबुबाईनं त्याला सगळं सांगितलं. काही राखलं नाही. म्याच बसवली तिला, हेही सांगितलं. सिद्धाप्पा ऐकत राहिला. काठीच्या टोकानं फरशीवर रेघोट्या ओढत राहिला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पायाची सूज हळूहळू उतरू लागली. श्वास खाली बसला. पण डॉक्टरीणबाई अजून मान हलवत होत्या. छातीचा धोका टळला म्हणवत नाही, आतडं शांत झाल्याशिवाय काही खरं नाही. रेघा सहा झाल्या, पुन्हा आठ झाल्या, पाच झाल्या. मायाक्का भांडं मागताना नर्सला डोळ्यांनी खुणावायची, तोंडानं मागायची नाही. आणि भांडं दिलं की पदर चेहऱ्यावर घ्यायची. अंबुबाई बघायची आणि तिच्या मनात यायचं, ही पुन्हा लपवील. घरी गेलो, मी शेंगा पाडायला गेले, की ही पुन्हा गप बसेल आणि एक दिवस मी आडोशाशी येईन तेव्हा ही उठायची नाही. ही भीती गाठीपेक्षा मोठी होती. गाठीला औषध तरी होतं.

नवव्या दिवशी चारचा ठोका पडला आणि वॉर्डात माणसं शिरली. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा सासरा. खाटाखाटांवर बोलणी सुरू झाली. सिद्धाप्पा नेहमीसारखा दाराशी उभा. पडद्याआड दानम्मा नर्स मायाक्काला भांडं देऊन दुसऱ्या खाटेकडं गेली होती. अंबुबाई नळावर तांब्या भरत होती.

"आत्या!"

वॉर्डाच्या त्या टोकाहून हाक आली. अंबुबाईच्या हातातून तांब्या सुटला. ती ओल्या पायांनी धावत सुटली. संपलं, असंच तिला वाटलं. माणसं बाजूला सरली.

पडदा मायाक्कानं स्वतःच बाजूला ओढला होता. कोपरावर उठून बसली होती. तोंडावर पदर नव्हता.

"आत्या, रगत न्हाय आलं वो! नुसती शी झाली! रगताचा ठिपूस न्हाय, तुमी बगा!"

तिचा आवाज केवढा तरी मोठा झाला. शेजारच्या खाटेपाशी बोलणारा सासरा थबकला. दाराशी सिद्धाप्पानं मान खाली घातली. कोणीतरी फिसकन हसलं. अंबुबाईनं भांड्यात वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. ती तिथंच फरशीवर, खाटेला धरून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"गप बसू व्हय, आत्या?" मायाक्कानं भोवतालच्या माणसांकडं बघत, हळू आवाजात विचारलं.

"न्हाय," अंबुबाई म्हणाली. "परत सांग."